पुढच्या रविवारी

पेला स्टीलचा होता. त्यावर नानांचं नाव कोरलेलं होतं. मी तो ओट्यावरून उचलला आणि तोंडाला लावला.

नऊ वर्षांची होते. बा आणि मी जंगलातून लाकडाच्या मोळ्या घेऊन नानांच्या घरी आलो होतो. नाना म्हणजे गावातलं मोठं घर. घसा सुकला होता, पेला भरलेला दिसला, प्याले.

आतून काकी आली, नानांची बायको. तिनं पेला हाताने घेतला नाही. चुलीजवळचा चिमटा आणला, चिमट्यानं पेला माझ्या हातातून ओढला आणि तसाच निखाऱ्यात टाकला. मी बघत राहिले. पेला काळा पडायला लागला.

"कातकऱ्याच्या पोरीला पेल्यातनं पानी पायजेल काय?" काकी म्हणाली.

बा म्हणाला, "चुकलं काकी. पोर हाय."

मग त्यानं नानांच्या वळचणीत हात घातला आणि एक करवंटी काढली. अर्धी नारळाची कवटी, आतून चहानं काळी झालेली. ती त्याची होती. कामाला आला की त्याला तीतच चहा मिळे, पिऊन झाल्यावर त्यानंच ती धुवायची आणि परत वळचणीत खोचायची. काकीनं वरून पाणी ओतलं. बानं आधी मला पाजलं, मग स्वतः प्याला. पिताना तो हसला. काकीकडे बघून हसला, जणू तिनं उपकार केले. त्या चिमट्याचा राग मला आजही आहे, पण त्या हसण्याचं दुःख त्याहून मोठं आहे.

पुढे कागदाचे कप आले. विटाळ गेला असं गावात सगळे म्हणायला लागले. आम्हाला कागदाचे कप आणि त्यांच्या पाहुण्यांना काचेचे. बा मात्र सवयीनं वळचणीतच हात घालायचा.

आमची वाडी टोकावडे आणि वैशाखरे यांच्या मधे, रस्त्यापासून आत. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. माझी आई अशाच एका भट्टीवर तापानं गेली. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत टिकले. वाडीतली पहिली. बा मला "मास्तरीण" म्हणायचा.

मी वीस-एकवीस वर्षांची असताना वाडीत एक माणूस यायला लागला. वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर. रविवारी सुट्टीच्या दिवशी शहापूर, मुरबाड करत मोटरसायकलवर यायचा आणि जांभळाच्या झाडाखाली बसून येशूबद्दल सांगायचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यानं बाकडे पाणी मागितलं. बानं घरातला जर्मनचा तांब्या दिला. भाऊनं तो तोंडाला लावला, अर्धा प्याला आणि उरलेलं पाणी बापुढे धरलं. बा त्या तांब्याकडे बघतच राहिला.

त्या दिवसापासून बा दर रविवारी जांभळाखाली. मीही. मी बायबल वाचून दाखवायची, बा ऐकायचा. येशू विहिरीवर एका परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागतो, ती गोष्ट त्यानं माझ्याकडून किती वेळा वाचून घेतली त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी विचारायचा, "प्याला ना तो तिच्या हातचं?"

महिन्यातून एकदा भाऊ प्रभुभोजन द्यायचा. भाकरीचा तुकडा आणि एक प्याला. तो एकच प्याला सगळ्यांमध्ये फिरायचा. टोकावड्याहून येणारी कुणब्याची म्हातारी प्यायची, मग आमची कातकरीण, मग भाऊ. पण बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असा नियम. बाजवळ प्याला आला की तो दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा आणि पुढच्याला जागा करून द्यायचा. घरी येताना मला म्हणायचा, "घिऊ गो आपुन पन. पन जाऊ तं दोघं संगं. तुज्याबिगर नाय."

ही त्याची अट. आणि माझी भीती त्या अटीवर बसलेली.

बाप्तिस्मा म्हणजे डोहाच्या पाण्यात पूर्ण बुडून वर येणं, आणि तो आमच्याकडे वाट्टेल तेव्हा होत नाही. काळू नदीला पावसात लोंढा असतो, उन्हाळ्यात नुसते दगड. डोहात माणूस बुडेल एवढं शांत पाणी असतं ते गणपतीनंतर. आणि दिवाळीनंतर वाडीच जागेवर नसते. म्हणजे वर्षातले पाच-सहा रविवार. ते हुकले की वर्ष हुकलं.

पहिल्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. मी म्हटलं, सोयरे बिचकतील, लग्न होऊ दे. लग्न वाडीतच झालं, नवरा चांगला मिळाला, तोपर्यंत डोह आटला.

दुसऱ्या वर्षी अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली. नानांचा शब्द लागणार होता. नाना म्हणाले, "रविवारच्या पोथीवाल्यांत नाव आलं तर तुझा आदिवासीचा दाखला रद्द व्हईल, मंग मी काय करनार?" मी घाबरले. तसं काही नसतं हे मला फार उशिरा कळलं. दहावी शिकलेली मास्तरीण, पण कुणाला विचारायला गेले नाही. बाला म्हटलं, नोकरी लागू दे. नोकरी लागली.

तिसऱ्या वर्षी म्हटलं, पक्की होऊ दे.

भाऊ एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही नाही म्हणत नाही. तुम्ही नंतर म्हणता. देवाला नंतर म्हणायला आपल्या हातात काय आहे?" मला राग आला. ह्याचं काय जातंय, कारखान्याचा पगार आहे ह्याला, असं मनात म्हटलं. विश्वास माझा होता, खरा होता, भिजवलेली नाचणी धुताना मी प्रार्थना करायची. फक्त नानांना कळू द्यायचं नव्हतं. मी देवाला वळचणीत ठेवलं होतं. कामापुरतं काढायचं, धुवायचं, परत खोचायचं.

चौथ्या वर्षी बा ऐकेना. दसऱ्यानंतरचा रविवार ठरला. त्यानं पांढरा सदरा धुऊन कुडाच्या खुंटीला टांगला. भाऊला माझ्यासमोर सांगितलं, "या बारीला पक्का." मी पण हो म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी नानांचा निरोप आला. आभाळ भरून आलंय, भात आडवं व्हईल, उद्या सगळी वाडी कापणीला. मी बाकडे बघितलं. त्यानं सदऱ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बा, पुढच्या रविवारी. डोह कुठं पळून जातोय?"

त्यानं कुडाला टेकवलेला विळा उचलला. मग म्हणाला, "बरं, मास्तरीण."

हे "बरं" माझ्या छातीत रुतून बसलंय. तो भांडला असता तर मी ऐकलं असतं. निदान आता तसं म्हणते.

रविवारी आम्ही भात कापलं. भाऊ डोहावर येऊन थांबला आणि परत गेला. कापणी चार दिवस चालली. गुरुवारी दुपारी बा भारे उचलत होता. एका भाऱ्याखाली घोणस होती. तिनं मनगटावर धरलं. बा ओरडला नाही. भारा आधी नीट खाली ठेवला, मग बसला.

नानांची जीप अंगणात उभी होती. नानांचा मुलगा म्हणाला, "जीप नको, रक्त पडंल, टेम्पोत घाला." टेम्पो खळ्यावरून यायला वेळ लागला. मागच्या फळीवर पेंढा टाकून बाला झोपवलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. टेम्पो मुरबाडच्या वाटेला लागला. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

टोकावडं मागे पडल्यावर त्यानं डोळे उघडले.

"पोरी, रविवार कवा हाय?"

"अजून तीन दिवस, बा."

"लई झाले," बा म्हणाला.

मग पाणी मागितलं. माझ्याकडे बाटली होती. मी त्याला घोटभर पाजलं. बाटलीत अर्धं पाणी शिल्लक राहिलं होतं. ते त्याच्या डोक्यावर ओतावं, येशूचं नाव घ्यावं, असं माझ्या मनात आलं. आणि मी काय विचार केला? हे काम भाऊचं, मला कुठला अधिकार, दवाखान्यात पोचलो की भाऊला फोन करू. म्हणजे तिथेही, त्या फळीवरही, मी नंतरच म्हटलं.

सरळगाव यायच्या आधी त्याचं डोकं जड झालं. बाटली माझ्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी बाला घेऊन आम्ही नदीकाठी गेलो. आमची जागा तशीही वेगळीच आहे, गावाच्या मसणवट्याच्या खालच्या अंगाला. तिथे नाना आणि चार माणसं उभी होती. आदल्या दिवशी त्यांच्याच शेतात साप डसून गेलेला माणूस आमच्या खांद्यावर होता. नानांनी हात आडवा केला.

"तुझा बाप त्या पोथीवाल्यांत जायचा. देवीच्या हद्दीत त्येला कसा घिऊ?" मग आवाज खाली आणून, समजावल्यासारखं म्हणाले, "मी काय वैरी हाय का तुमचा? चारचौघांत येवढंच सांग, माझा बाप त्यांच्यात नव्हता. देवीला नारळ फोड. मोकळी हो. तुझ्या नोकरीचं पन मी बघीन."

आणि ते खरंच होतं. बा त्यांच्यात नव्हता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, प्याला त्याच्या ओठाला लागला नव्हता. ह्या एका वाक्यासाठीच तर मी चार वर्षं त्याला अडवलं होतं. वेळ आली तर म्हणता यावं, नव्हता. वेळ आली होती. वाक्य तयार होतं. खोटंही बोलायचं नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि मला तो दिसला. दोन्ही हात पाठीमागे घेऊन पुढच्याला जागा करून देणारा.

"होता," मी म्हटलं.

"नीट इचार कर गो."

"होता. माझ्यामुळं बाहेर राहिला. पन होता."

खांदेकऱ्यांतले दोघं तिथेच खांदा सोडून मागे सरले. त्यांना दोष देत नाही, त्यांची पोरं नानांकडे कामाला आहेत. आम्ही बाला आमच्या वनपट्ट्यात आणलं, तो वरई पेरायचा तिथे. माझ्या नवऱ्यानं आणि वाडीतल्या तिघांनी खड्डा खणला. पांढरा सदरा मी त्याला घातला. डोहासाठी त्यानं धुऊन ठेवलेला.

भाऊ आला तोपर्यंत माती ओढून झाली होती. तो ढेकळांवर बसून रडला. मी त्याला एकच विचारलं. "माझा बा पोचला का?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "देव दयाळू आहे, ताई. तुमच्या बाचं मन त्यानं बघितलंय. ह्याच्यापुढचं मी सांगू शकत नाही. मला माहीत असतं तर सांगितलं असतं."

त्यानं खोटं सांगितलं नाही याबद्दल मी त्याला मानते. पण त्या उत्तराबरोबर मला रोज झोपायचं असतं. सगळे म्हणतात, विसर, तुझा काय दोष. माझा दोष आहे. तो मी कुणाला वाटून देणार नाही, नानांनाही नाही. नानांचे दोष वेगळे आहेत, त्यांनाही पुरेसे आहेत.

शनिवारी मी नानांच्या घरी गेले आणि वळचणीत हात घातला.

काकी बाहेर आली. आता म्हातारी झालीय. "अगो, काय शोधतंस?"

"बाची करवंटी."

"ती घान कशाला नेतंस?"

"तुमच्या घरात माज्या बाचं येवढंच हाय," मी म्हटलं. मी करवंटी पदरात घेतली आणि वाडीवर आले.

रविवारी डोहावर गेले. नवरा बरोबर होता. भाऊ मला बघून पाण्यातून बाहेर आला. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. म्हणाला, "ताई, तुमचं दुःख ताजं आहे. दिवस होऊ द्या. घाई नको. पुढच्या रविवारी घेऊ."

त्यानं प्रेमानं म्हटलं. मीही बाला प्रेमानंच म्हटलं होतं.

"नाय भाऊ. आज," मी म्हटलं आणि पाण्यात उतरले.

पाणी गार होतं. वर आले तेव्हा हलकं वाटेल, असं म्हणतात. मला वाटलं नाही. माझ्या शेजारी बाची जागा होती आणि ती रिकामी होती. झाडाखाली प्याला फिरला. माझ्यापर्यंत आला. मी तो दोन्ही हातांनी धरला, प्याले, आणि एवढी रडले की पुढच्या बाईला प्याला माझ्या हातातून सोडवून घ्यावा लागला. तिनं चिमटा आणला नाही.

नानांनी माझ्याविरुद्ध अर्ज केलाय. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. गेली तर भट्टीवर जाईन, हात शाबूत आहेत. करवंटी कुडाच्या खुंटीला टांगलीय, सदरा होता तिथे. वाडीतली माणसं संध्याकाळी येऊन बसतात, मी वाचते ते ऐकतात, आणि उठताना म्हणतात, आमालाबी यायचंय गो, पोरीचं लगीन झालं की, घर मंजूर झालं की, भट्टीवरनं आलो की.

मी त्यांना ओढत नाही. ज्याला नको असेल त्यानं तोंडावर नको म्हणावं, मी चहा पाजून पाठवीन. पण माझ्या दारात "नंतर" हा शब्द मी आता ऐकून घेत नाही. मी उठते, खुंटीवरची करवंटी काढते आणि त्यांच्या हातात देते. "माझ्या बापाच्या ओठाला शेवटपर्यंत हीच लागली," एवढंच सांगते. "डोहात आज पाणी आहे."