असं ताई म्हणतात

दुबईतल्या आमच्या क्लिनिकात माझ्या चिनी सहकारिणीनं कानाच्या तपासणीसाठी मँडरिनमध्ये वाक्यं रेकॉर्ड केली. हेडफोनमध्ये वाक्य ऐकायचं आणि जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. तिचे पेशंट पटापट म्हणायचे. माझा नुसता जळफळाट! म्हटलं, आपली मराठी काय रस्त्यावर पडलीय? वीस वाक्यं लिहून माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली. घरी लेकीला ऐकवली, तर म्हणाली, "सो बोरिंग, आई."

पहिला मराठी पेशंट आला तो मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातून. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, स्कॅफोल्डिंगवर काम करणारा. हाका मारल्या तरी ओ देत नाही, अशी फोरमनची तक्रार होती. कान नापास झाले की खलास, उंचीवरचं काम बंद आणि थेट घरचं तिकीट. बिचारा एसीतसुद्धा घाम पुसत होता.

मी पहिलं वाक्य लावलं. "चहा थंड झाला."

"असू दे मॅडम, चालतो मला."

"आज तुम्ही लवकर आलात."

"बस लवकर सुटली."

अरे देवा! "काका, उत्तर नका देऊ. ऐकाल तेच परत म्हणा."

मग तर तो बोलेचना. तीन वाक्यं गेली, हा ढिम्म. नियमानं सगळी चूक धरायची. मी वैतागून काचेपलीकडे त्याच्या तपासणीच्या खोलीत गेले.

"तुमचंच बोलणं तुम्हाला म्हणून दाखवू?" तो कळवळून म्हणाला. "ताई, ह्याला वेडावणं म्हणतात. आईनं थोबाड रंगवलं असतं माझं."

शेवटी सहकारिणीला त्याच्यासमोर बसवलं. म्हटलं, "माझा निरोप ह्या मॅडमना सांगा. एक शब्द बदलायचा नाही."

निरोप म्हटल्यावर गडी खुलला. मी वाक्यं पहिल्यापासून लावली. "चहा थंड झाला, असं ताई म्हणतात!" तेही दहाव्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक निरोपाला मान डोलवून "ओके, ओके" चालू. मी आवाज बारीक बारीक करत गेले, तरी वीसच्या वीस बरोबर. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

"काका, कान ठणठणीत आहेत की तुमचे! मग फोरमनची हाक का नाही ऐकू येत?"

त्यानं हेडफोन काढून नीट जागेवर ठेवला. "येते ना ताई. पण तो आईवरून शिवी घालून हाक मारतो. त्या हाकेला मी ओ देत नाही."

माझं हसू तिथंच थांबलं. फॉर्मवर लिहिलं, ऐकणं उत्तम. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, ह्यांना नावानं हाक मारावी.