दिवेलागणीनंतर बोलायचं नाही

काष्टीच्या बाजारात त्या शनिवारी माझा हात उपरण्याखाली होता. आम्ही बैलांचे व्यापारी बाजारात भाव तोंडानं सांगत नाही. एकमेकांचा हात धरायचा, वर कापड टाकायचं आणि बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे भोवतालच्या गर्दीला काही कळत नाही. समोर बाबूभाई होता, माझा जुना सोबती आणि तेवढाच जुना वैरी. तेवढ्यात माझा मेहुणा रामभाऊ गर्दीतून वाट काढत आला. पायात चप्पल नव्हती. “दाजी, घरी चला.” मी खेकसलो, “दिसत न्हाई का, सौदा चाललाय?” तो तिथंच शेणात मटकन बसला. “आक्का गेली, दाजी…” बाबूभाईनं कापडाखालचा माझा हात सोडला नाही. बराच वेळ सोडला नाही.

मंजुळा माझी बायको. चौथी शिकलेली. मी शाळेत गेलो तसाच परत आलो. अक्षरं शिकलो ती बाजारात, पावत्या वाचता याव्यात म्हणून. बापानं मला एक दावंसुद्धा ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत नेता नेता स्वतःची दावण उभी केली, आणि ओसरी बांधली ती माणसं बसावीत म्हणून. माणसं बसायचीही. घरात कापडाची गरज नव्हती, त्यामुळे संध्याकाळी तिथं सगळं तोंडानंच चालायचं… दात, खूर, वशिंड, शिव्या, शपथा. माझा आवाज वेशीपर्यंत जातो असं लोक म्हणत, आणि मला ते आवडायचं. आत चिमणीपाशी आमची पोरं, शकू आणि दत्ता, अभ्यासाला बसत. दत्ताला पाढे येत नव्हते, पण कुठल्या बैलाला कुठली खोड आहे ते पाठ होतं. मी उठून त्याच्या पाठीत धपाटा घालायचो. एकदा मंजुळा मध्ये आली. “आवं, मारून ध्यान लागलं आस्तं, तर तुमचे बैल मॅट्रिक झाले आस्ते.” ओसरी हसली. मी हसलो नाही.

त्यानंतर तिनं स्वतःच्या रीतीनं सुरू केलं. दिवा लागला की सूप घेऊन पोरांजवळ बसायची. दत्ताचं मन कुठं गेलं, की त्याला रागवायची नाही. विचारायची, “काय आलं रं डोक्यात?” तो म्हणायचा, गोठ्यातली कालवड सुटली असंल. किंवा, शेजारच्या गण्याचा भोवरा. ती पदराला एक गाठ मारायची. “हे आता माझ्यापाशी. धडा झाला की घे.” धडा संपला की दत्ता एकेक गाठ सोडत बसायचा आणि प्रत्येक गाठीचं तिला सांगायचा. बऱ्याच गाठींत काय होतं ते त्यालाही आठवत नसे. मग दोघं हसत.

पण ओसरीची गाठ काही तिला मारता येईना. शेवटी एका संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “दिवेलागणीपासनं जेवणापतुर हितं कुणी बोलायचं न्हाई. बाजारात बोटांनी करता ना? हितं बी तसंच करा.” बाबूभाई म्हणाला, “वहिनी, मग शिव्या कशा द्यायच्या?” “त्या बी बोटांनीच द्या.” माणसं उपरणी पसरायला लागली. माझ्या ओसरीवर, माझ्याच पाहुण्यांसमोर! तो राग मी विसरलो नाही, आणि आज ती नाही म्हणून विसरलो असंही म्हणणार नाही.

शकू अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात गेली तेव्हा एक चांगलं स्थळ आलं होतं. मी होकार द्यायच्या तयारीत होतो. मंजुळानं अडवलं. पोरीला नगरला पाठवून मास्तरीण करायची, हे तिच्या मनात होतं. पुष्कळ भांडणानंतर आमचा सौदा ठरला: शकू मॅट्रिक पास झाली तर नगर, नाही झाली तर लग्न. मी त्यात समाधानी होतो, कारण गणितात पोरगी कच्ची होती. मंजुळालाही ते ठाऊक होतं. म्हणून तर ती शकूच्या शेजारी पहाटेपासून बसायची.

परीक्षेच्या आधीच तिचं पोट दुखायला लागलं होतं. रामभाऊनं तिला श्रीगोंद्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, नगरला न्या, ऑपरेशन लागेल, उशीर करू नका. ती भावाला म्हणाली, “पेपर होऊ देत. तुझ्या दाजींना सांगितलंस तर घर डोक्यावर घेतील, पोरीचं ध्यान जाईल.” पोरांच्या डोक्यातली कालवड ठेवून घ्यावी, तसं तिनं आपलं दुखणं ठेवून घेतलं. मला बोटानंसुद्धा कळू दिलं नाही. आणि ती गेली त्या शनिवारी शकूचा गणिताचा पेपर अजून राहिला होता. सोमवारी पेपर होता. शकू गेली नाही… कशी जाणार?

माझी तक्रार ही आहे. मी घर डोक्यावर घेतलं असतं, हे खरं. पण त्याच घरातून तिला बैलगाडीत घालून, मिळेल त्या एसटीनं नगरला नेलं असतं. ज्यासाठी लपवलं, तेही हातचं गेलं. रामभाऊशी मी अजून बोलत नाही.

दिवसकार्य झाल्यावर स्थळाची माणसं पुन्हा आली. म्हणाली, पोरगी तर बसलीच नाही परीक्षेला, आता ठरल्याप्रमाणे होऊ द्या. मी म्हणालो, सौदा दोघांत होता. एक जण मधूनच उठून गेला की सौदा मोडतो, हा बाजाराचा नियम आहे. शकू ऑक्टोबरला पुन्हा बसेल.

आता ती रोज दिवेलागणीला अभ्यासाला बसते. ओसरीवर माणसं येतात. कुणी न सांगता उपरणी पसरतात. एवढी शांतता मंजुळालाही कधी मिळाली नव्हती. पण गणिताचं पुस्तक त्याच पानावर उघडं असतं. परवा मी दारात जाऊन उभा राहिलो. विचारलं, “का गं, होईना का?”

शकू मान खाली घालूनच म्हणाली, “आबा, बाहेर जरा बोला की. लई सुनं वाटतंय.”

मी ओसरीवर आलो. बाबूभाईनं उपरण्याखाली हात पुढं केला, मी तो धरला नाही. बाबूभाईनं माझ्याकडं पाहिलं, आत पाहिलं, आणि उपरणं बाजूला फेकून ओरडला, “ह्यो बैल हाय का शेरडू? दात तरी हायेत का त्याला?”

“तुझ्या बापानं बगितला होता का आसला बैल?” मी म्हणालो. मग आम्ही भांडलो. पूर्वीसारखे, गळ्याच्या शिरा ताणून. आत शकूची पाटीवरची पेन्सिल चालू झाली. ती थांबेपर्यंत आम्ही भांडत होतो.

दावणीला त्या दिवशी एकही बैल नव्हता.