बोंडअळीच्या सभेत तारे

ज्याला साधी वेळ विचारायचीही सोय नाही, असा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तोच नेमका मला साडभाऊ म्हणून मिळाला. ते नेरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. चहा गार झाला की उष्णतेवर बोलू लागत, आणि तोवर दुसऱ्यांदा केलेलाही गार होई.

कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या बोरी अरबला सारखं कोणी तरी येऊन नवं औषध सांगून जाई, बोंडअळी मात्र तशीच. ‘तुमचे साडभाऊ सायन्सचे आहेत, त्यायलेच बोलवा,’ असं गावकरी म्हणाले आणि मला दुर्बुद्धी झाली.

शाळेचं पटांगण भरलं. साडभाऊ उभे राहिले. “अळीतलं मले काही समजत नाही. मी ताऱ्यायचं सांगतो.” मी डोळेच मिटून घेतले. तारे एकटे जन्मत नाहीत म्हणे, घोळक्यानं जन्मतात. मग शेजारचा एखादा तारा जवळून जातो आणि त्याच्या ओढीनं कडेचा ग्रह वाट सोडतो. कधी तोच आतल्या ग्रहांची घडी बिघडवतो, तर कधी पार बाहेर फेकला जाऊन सूर्याविना फिरत राहतो. हे दाखवायला त्यांनी अध्यक्षांच्या डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि भोवती सत्काराचे पेढे मांडले. “सर, अळीचं सांगा ना!” मागून कोणी ओरडलं. मागच्या रांगा उठून गेल्या. अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते, जणू टोपी मीच काढली होती.

समोरच्या एका म्हातारीनं मात्र विचारलं, “तो जाणारा तारा मुद्दाम करते का जी?”

“नाही, मावशी. त्याले पत्ताही नसते.”

“अन् फेकलेला वापस येते का?”

“नाही येत,” म्हणाले, आणि कडेचा पेढा तिच्या हातावर ठेवला.

बस स्टँडवर मी भडकलो. “भाऊजी, काही तरी थातूरमातूर सांगाचं होतं! माही लाज गेली गावात.”

“ताऱ्याबद्दल चुकलो तं ताऱ्याचं काय बिघडते?” ते शांतपणे म्हणाले. “अळीबद्दल चुकलो असतो, तं ह्या लोकायनं उद्या सकाळीच पाठीवर फवारणीचा पंप घेतला असता.”

मला आणखीच राग आला. नेरची बस आली. खिडकीतून त्यांनी हात केला, आणि रागारागात मीही केला.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे पुण्याला गेले. परवा फोनवर मीच म्हटलं, “भाऊजी, सांगा ना काही तरी.”

“आता सवय मोडली, भाऊ,” ते म्हणाले. “इथं चिडाले कोणी नाही.”