जुळलेल्या हाडाचं सर्टिफिकेट

"पाय बसला नं साहेब? मंग कायले अडवून राह्यले?" बैलाच्या पाठीवर हात ठेवून उकंडराव विचारत होते.

माझं पोस्टिंग तेव्हा नेरजवळच्या गुरांच्या दवाखान्यात होतं. उकंडरावांचा बादशा शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा बैल. पुढच्या पायाची नळी मोडली होती. प्लास्टर मीच घातलं, दोन महिन्यांनी काढलं. एक्स-रेत नळी पक्की जुळली होती. पण गुडघ्याच्या वरचं हाड टोकाशी धुरकट दिसत होतं.

हाडाचं टोक आतून स्पंजसारखं असतं. बारीक जाळी. जनावर पायावर वजन टाकतं, तशी ती जाड होते, भाराच्या दिशेनं रचली जाते. पाय बांधून ठेवला की विरते. कॉलेजात हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून शिकवलं होतं. विरायला आठवडे लागतात, भरायला महिने.

"तीन महिने पट नाही," मी म्हणालो. "आधी नुसता चालवा. मग रिकामी बैलबंडी ओढू द्या."

"पट येत्या आयतवारी हाये. पहा नं, लंगडते का?"

लंगडत नव्हता.

पटाला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ते मी अडवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला.

"फ्रॅक्चर जुळलं का?"

"हो सर, पण वरचं हाड..."

"तिथं फ्रॅक्चर आहे?"

"नाही."

"मग सही करा."

केली.

पटावर ड्युटी माझीच होती. बादशा अर्ध्या मैदानापर्यंत सरळ पळाला. मग गुडघ्याच्या वर पाय मोडला. तो आवाज मला मैदानाच्या कडेच्या दोरीजवळ ऐकू आला. जोडीचा बैल त्याला फरफटत नेत होता. लोकांनी जू सोडवलं. हाड कातडीबाहेर आलं होतं. टोकाचा चुराच झाला होता.

उकंडरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पुन्हा पिलास्टर मारा नं."

"नाही जमणार."

मी इंजेक्शन भरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले माईत होतं?"

"हो."

"मंग सही काहून केली?"

वरून फोन होता, असं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. सही माझी होती. इंजेक्शन दिलं. बादशाचा श्वास थांबेपर्यंत उकंडरावांनी त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं.

चौकशी झाली नाही. कागद बरोबर होते. उकंडराव जनावरं दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेऊ लागले.

हाड जुळणं वेगळं, हाडानं भार पेलणं वेगळं. सर्टिफिकेटवर दोन्हींसाठी एकच रकाना असतो. तो भरण्याआधी आता मी विचारतो, पाय किती दिवस बांधलेला होता.