भूकंपरावांची शोकसभा

आमच्या बडनेऱ्याचे डोमाजी रेल्वेतून निवृत्त झाले तोवर त्यांनी मुंगीलाही दुखावलं नव्हतं. नंतर मात्र त्यांनी एका सुपरहिरोला फ्लेक्सवर मारून टाकलं.

त्याचं नाव भूकंपराव. अकोल्याहून दर महिन्याला निघणाऱ्या कॉमिकचा नायक. त्याने जमिनीवर मूठ आपटली की दुष्ट लोक जागच्या जागी गाडले जात. डोमाजी शाळेत होते तेव्हापासून त्याचे भक्त. स्टेशनवरच्या स्टॉलला नवा अंक आला की पहिलं गिऱ्हाईक तेच.

पण गेल्या काही वर्षांत भूकंपरावाचं बिनसलं. आधी त्याने उडणं सोडलं. मग तो खुर्चीत बसला तो बसलाच. दुष्टांनाच त्याच्या घरी यावं लागे, तेही चपला बाहेर काढून. मारामारी बंद दाराआड चाले. वाचकाला नुसतं दार दिसे आणि त्यावर ‘धाड, धूड’. कहर म्हणजे, ज्याची सगळी ताकद मुठीत, त्याचे दोन्ही हात कायम खिशात. शहर बुडतंय आणि हा खिशात हात घालून सांगतोय, ‘संयम ठेवा.’ मी असतो तर अंक बंबात घातला असता. डोमाजींना त्या दिवशी जेवण जात नसे.

“थोडा थोडा मरून राह्यला तो,” ते बायकोला, मैनाबाईंना म्हणाले. “त्यापरीस इज्जतीनं एकदाच जाऊ दे त्याले.”

“मंग पुस्तक घेनं बंद करा ना.”

“घरातलं मानूस बिघडलं तं टाकून देतेत का?”

कुणी गेलं की आमच्याकडे चौकात फ्लेक्स लागतो आणि समाजमंदिरात शोकसभा होते. डोमाजींनी दोन्ही ठरवलं. भूकंपराव गेला असं जाहीर करायचं, सभेत त्याच्या अलीकडच्या अंकांची चिरफाड करायची, म्हणजे अकोलेकर लाजून कॉमिक बंद करतील. फ्लेक्सवर जुन्या अंकातला, मूठ वळलेला भूकंपराव घेतला. खाली ‘शोकाकुल’ म्हणून फ्लेक्सवाल्याने सवयीने वॉर्डातल्या सगळ्या इच्छुक उमेदवारांचे फोटो टाकले. ते भूकंपरावापेक्षा मोठे होते.

समाजमंदिर भरलं. कोण गेलं हे आमच्याकडे विचारत नाहीत. विचारलं तर आपल्याला माहीत नव्हतं हे उघडं पडतं. जानराव हे आमचे सगळ्या शोकसभांचे ठरलेले वक्ते. ते म्हणाले, “भूकंपराव परवाच भेटले होते मले. तब्येत उतरली होती, पन सोभाव तोच.” मागच्या बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या.

मग डोमाजी उठले. खुर्ची, दार, खिसे, सगळं पाठ करून आले होते. पण समोर हार घातलेला फोटो, आणि हार घातलेल्या माणसाबद्दल आमच्यात वाईट बोलत नाहीत. त्यांची जीभच उचलेना.

“नवी नोकरी होती,” ते शेवटी म्हणाले. “साहेब कोनालेबी आईवरून बोले. मी लय भेकड. याचं पुस्तक खिशात घालून उभा राहो. एक दिवस म्हनलं, साहेब, तोंड सांभाळा. ते मी नाई बोललो. यानं बोललं.”

आणि ते रडले. खोट्या सभेत खरं रडले.

तेवढ्यात मागून एक म्हातारा गृहस्थ पुढे आला, दोन्ही हात खिशात घालून.

“मी इनायतुल्ला, अकोल्याचा. याचे चित्रं मीच काढतो. कोनी मोबाइलवर हा फ्लेक्स धाडला. म्हनलं, मले न सांगता कसा गेला, पाहून यावं.”

डोमाजींनी डोळे पुसले. “तुमी काढता, तं त्याचे हात काहून खिशात घातले?”

इनायतुल्लांनी आपले हात बाहेर काढले. दोन्ही थरथरत होते.

“कागदावर बोटं निघत नाईत भाऊ आता. खिसे सोपे पडतेत.”

परवाच भूकंपरावांना भेटलेले जानराव चहाचं काय झालं ते पाहायला गेले.

डोमाजींनी खुर्चीवर चढून फोटोचा हार काढला. मग चौकात जाऊन सगळ्या इच्छुकांसकट फ्लेक्स उतरवला.

“बिनाहाताचा काढा,” ते इनायतुल्लांना म्हणाले. “पन काढा.” आणि त्यांना अकोल्याच्या गाडीत बसवून आले.

पुढच्या महिन्यात अंक आला. तीच खुर्ची, तेच दार, बाहेर दुष्टांच्या त्याच चपला. फक्त शेवटच्या पानावर भूकंपरावाने एक हात खिशातून काढून वर केला होता. रेघा सगळ्या हललेल्या. मैनाबाईंनी चष्मा लावून पाहिलं.

“अहो, याले सहा बोटं हायेत.”

डोमाजींनी पान गुडघ्यावर सपाट केलं आणि पुन्हा एकदा बोटं मोजली.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “मांगच्या अंकांतले किती तरी राह्यले होते.”