एव्हरिलची बिननंबरी गाडी

एव्हरिल ट्रेगेन्झाला गाडी चालवता येत नव्हती, आणि तिच्या शेडमध्ये गाडी होती. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कडीना गावात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिनं जन्मभर चादरींना इस्त्री केली. लग्न केलं नाही. गाव सपाट, त्यामुळे कामाला चालत जायची, चर्चला चालत जायची, आणि बाजार करायचा तर चाकांची पिशवी ओढत तीही चालतच. एकदा खाटकाकडे सुटे पैसे नव्हते, म्हणून त्यानं उरलेल्या पैशांत फुटबॉल क्लबच्या सोडतीचं तिकीट तिच्या हातात ठेवलं. पहिलं बक्षीस गाडी होती. ती एव्हरिलला लागली.

लिंबासारखी पिवळी, लहानशी गाडी. क्लबाची माणसं रिबीन बांधून तिच्या दारात घेऊन आली. मागच्या काचेवर क्लबाचा मोठा स्टिकर होता. नको म्हणायचं तिच्या मनात होतं, पण सगळे इतके खूश होते की तिला म्हणता आलं नाही. मी तिचा शेजारी, गव्हाच्या कोठारांवर वजनकाट्याचं काम करणारा, तेव्हा मीच म्हणालो, शिकवतो. दुसऱ्याच दिवशी ती सरळ कुंपणाच्या झुडपात शिरली. खाली उतरून म्हणाली, "मी एक सांगते, ही दुसरंच ऐकते. राहू दे." बंपरवर डाव्या बाजूला पोचा पडला तो तसाच राहिला, आणि गाडी शेडमध्ये गेली.

पुढची काही वर्षं नोंदणीची सूचना आली की ती मुकाट्यानं पैसे भरायची. मग एकदा नोंदणीच्या ऑफिसात काउंटरवरच्या मुलीला तिनं विचारलं, "हे पैसे नेमके कशाचे?"

"गाडी रस्त्यावर न्यायची परवानगी असते ना, त्याचे."

"पण ती रस्त्यावर जातच नाही."

मुलगी म्हणाली, मग भरू नका. एव्हरिलनं भरणं थांबवलं. एवढंच नाही, नंबरच्या पाट्या स्क्रू काढून उतरवल्या, धुतल्या, आणि जाऊन परत देऊन आली. परवानगी नाही तर नंबर कशाला ठेवायचा, असं तिचं म्हणणं.

बाकी गाडीचा उपयोग होत नव्हता असं नाही. दुपारचा चहा झाला की ती शेडचं दार उघडायची, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायची आणि विणकाम करायची. थंडीत तिथे ऊन यायचं. बॅटरी होती तोवर रेडिओही लावायची. मला दिसलं की मी हात करायचो, तीही करायची. ह्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

तर गेल्या वर्षी चर्चच्या पत्रिकेत एक चौकट आली. बेघर बायकांना छप्पर मिळवून देणारी कुठली तरी अॅडलेडची संस्था होती. नकोशी गाडी द्या, चालू असो, बंद असो, नोंदणी असो वा नसो, आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि लिलावात विकून पैसे कामाला लावू. एव्हरिल पत्रिका घेऊन माझ्याकडे आली.

"माझी गाडी नकोशी आहे का रे?"

"ते तुला माहीत."

"तेच तर. नकोशी नाही. पण हवी आहे असंही नाही. मधलं काही लिहिलेलं नाहीये ह्यात."

आठवडाभर ती विचार करत होती. मग फोन केला. पलीकडच्या बाईनं गाडीचा नंबर विचारला.

"तो मी परत केला," एव्हरिल म्हणाली.

"गाडी परत केलीत?"

"नंबर. गाडी आहे."

"चालते का?"

"कुणी चालवली तर चालत असेल. मला काय माहीत."

शेवटी त्या बाईनं समोरच्या काचेखाली कोरलेला लांबलचक क्रमांक वाचायला सांगितला. मी वाकून वाचला, एव्हरिलनं फोनवर म्हटला, आणि मधली दोन अक्षरं चुकली म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बातमी तिच्या भाच्यापर्यंत पोचली. हा रॉडनी जवळच्या वॉलरू बंदरात मासेमारीच्या बोटी दुरुस्त करतो. मांस-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या गरमागरम पेस्टी घेऊन आला आणि टेबलाशी बसून म्हणाला, "मावशी, नवीकोरी गाडी अशी फुकट देतात का कुणी? विक ना."

"विकायला मी कुठे विकत घेतलीय?"

"तिकीट घेतलं होतंस की."

"ते मी घेतलं नव्हतं. खाटकानं दिलं."

"मग खाटकाला दे."

"तो वारला," एव्हरिल म्हणाली. हा मुद्दा तिच्या डोक्यात आला नव्हता, आणि आता तो जाईना. ही गाडी खरं म्हणजे कुणाची? रॉडनी गेल्यावर तिनं मलाही विचारलं. मी सांगितलं, तुझीच. तिला ते पटलं असं दिसलं नाही.

ठरल्या दिवशी टोइंगचा ट्रक आला. ड्रायव्हरचं नाव कोस्टा. दाढीवाला, बोलायला मऊ. त्यानं शेडमध्ये डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. मागच्या सीटवर अजून कारखान्याचं प्लास्टिक. नंबर नाही. गाडी जेमतेम गावाला दोन चकरा मारल्याएवढी धावलेली.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "पण ही गाडी तुमच्याकडे आली कुठून?"

"क्लबातून."

"आणि पाट्या कुठायत?"

"धुऊन परत दिल्या."

"धुऊन," कोस्टा म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, तशी त्याची शंका वाढलीच. बाजूला जाऊन त्यानं ऑफिसला फोन लावला. ऑफिसनं सांगितलं, पोलिसांना विचारा. मग आमच्या चौकीतली सार्जंट जॅनीन आली, दारातूनच हसत.

"ही गाडी चोरीची नाही हे सांगायला अख्खं गाव येईल," ती म्हणाली. "रिबीन मी स्वतः बांधली होती. तेव्हा मी शाळेत होते."

"मग चालवली का नाही कुणी?" कोस्टानं विचारलं.

जॅनीननं एव्हरिलकडे पाहिलं, एव्हरिलनं माझ्याकडे. 

चपटी झालेली चाकं हवेनं भरून, साखळीनं ओढून त्यानं गाडी वर चढवली. एव्हरिलला सही करायला सांगितली. तिनं केली, आणि मग विचारलं, "माझं विणकाम आहे आत. तेही गेलं का दानात?" कोस्टा ट्रकवर चढला आणि लोकरीची पिशवी काढून तिला दिली. ट्रक निघाला तशी ती मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेली. पोस्ट ऑफिस त्याच बाजूला आहे, असं मला नंतर म्हणाली. पण पोस्टात गेलेली मला दिसली नाही.

काही दिवसांनी आभाराचं पत्र आलं आणि सोबत करात सूट मिळवायची पावती. एव्हरिलला कर भरावाच लागत नाही. ती पावती तिनं फ्रिजवर लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. शेडमध्ये खुर्ची ठेवून पाहिली. "वारा लागतो," म्हणाली. अनेक दुपारी मी तिला नुसती मोकळ्या शेडच्या दारात उभी पाहिली, काहीतरी आणायला आले आणि काय ते विसरले, अशी.

वसंतात मी मासे आणायला वॉलरूला निघालो, तिलाही घेतलं. धक्क्याजवळ गाडी उभी केली, आणि समोर पिवळी गाडी. नव्या नंबराची. क्लबाचा स्टिकर तसाच, बंपरचा पोचाही तसाच. आत एक तरुण बाई बटाट्याच्या चिप्स खात होती, मागे लहान मूल झोपलेलं.

एव्हरिल थेट खिडकीशी गेली. "डावीकडची काच जड जाते," ती म्हणाली. "थोडी उचलून घ्यायची."

बाई गोंधळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी बसायचे हिच्यात."

"तुमची होती? लिलावात मिळाली आम्हाला. फार गुणी गाडी आहे. हीटर तर काय सुंदर चालतो."

"हिला हीटर आहे?"

"आहे की." बाईनं बटण दाबून दाखवलं. एव्हरिलनं खिडकीतून हात आत घातला आणि गरम हवेवर धरला, बराच वेळ. मग त्या बाईला विचारलं, तुला हिनं कधी झुडपात नेलं का. बाई म्हणाली, नाही. "मग माझंच चुकत असेल," एव्हरिल म्हणाली, आणि आम्ही मासे घेतले.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बार्ली पिवळी पडायला लागली होती. ती म्हणाली, "मी ते चांगलं काम केलं, का नुसतं शेड मोकळं केलं?"

"दोन्ही असेल."

"दोन्ही कसं असेल? एकाचं वाईट वाटतंय आणि दुसऱ्याचं बरं वाटतंय, पण कुठलं कशाचं ते कळत नाहीये."

मी गाडी गावात वळवली. घराशी पोचल्यावर ती उतरली, मासे घेतले, आणि दार लावायच्या आधी वाकून म्हणाली, "पुढच्या वेळी काही द्यायचं झालं, तर आधी तुला विचारीन."

"मला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण तू ऐकतोस." आणि दार लागलं की नाही ते न पाहता आत गेली.