जुन्या प्रिंटरांचा गट

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याला माझं सगळं ठाऊक असतं — माझा पगार, माझं वजन, आईशी फोनवर मी त्याच्याबद्दल काय बोलते तेसुद्धा — पण हे नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही सबनीस सरांना ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर मी तोंडच उघडलं नसतं, कारण सरांना ओळखणारा माणूस दोन दिवसांत त्यांच्या बाजूचा होऊन जातो. मीही त्यांच्याच बाजूची आहे. तोच तर सगळा घोळ आहे.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची छोटीशी कंपनी आहे. तुम्ही लॅबमध्ये रक्त देऊन घरी जाता आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो ना — त्याच्या मधलं जे काही असतं ते आम्ही सांभाळतो. हे ज्या सर्व्हरवर चालतं ते लांब कुठेतरी आहेत, मी ते डोळ्यांनी कधी पाहिलेले नाहीत. त्यांच्यावर वेगवेगळी खाती असतात: एक रिपोर्ट पाठवायचं, एक बॅकअपचं, एक देखभालीचं. कुणी कुठलं खातं वापरून आत जायचं, हे ठरवते मी. एकेका माणसाला परवानगी देत बसलं तर जन्म जाईल, म्हणून माणसांचे गट करायचे आणि गटाला परवानगी द्यायची. सोसायटीच्या गच्चीची किल्ली फक्त कमिटीवाल्यांना मिळते, तसं. आणि हे होतं एपीआयमधून, म्हणजे मी इथून एक ओळ लिहून पाठवते — अमक्या गटाला तमकं खातं वापरू दे, किंवा देऊ नको — आणि तिकडून उत्तर येतं, झालं. ना सही, ना शिक्का. एका ओळीत माणूस आत, एका ओळीत बाहेर.

माझ्या आधी हे काम सबनीस सर करायचे. मला शिकवलंही त्यांनीच. मी डोंबिवलीजवळच्या मानपाड्याची, वडील एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर, आणि मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की मला घाम फुटायचा. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सर्व्हरला इंग्रजी येत नाही आणि मराठीही येत नाही, तेव्हा तू निवांत राहा. तेही डोंबिवलीचेच, अगदी सावकाश आणि शुद्ध बोलणारे. चिडले की मला 'आपण' म्हणायचे. 'हे आपण काय केलंत?' एवढंच — पण तेवढ्यानं माझी जेवणाची वेळ खराब व्हायची.

तर सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, समोसे, सगळं रीतसर झालं. माणूस गेला की त्याच दिवशी त्याला सगळ्या गटांतून काढायचं, हा कंपनीचा नियम. नियम कुणी केलेला? सरांनीच. ते काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि गळ्यातला हार हातात धरून सर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, थोडी आवराआवर राहिली आहे, आठ दिवस मला आत राहू दे. स्वतःचाच नियम मोडायला सांगताना माणूस किती लाजतो, ते मी तेव्हा पाहिलं. मला तेव्हाही हसू आलं होतं आणि आताही येतंय.

मग मी एक नवा गट केला. गटात माणूस एकच, सर. नाव असं हवं होतं की कुणाला उघडून बघावंसं वाटू नये. मी नाव दिलं 'जुने प्रिंटर'. सांगा, कोण बघेल? जगात जुन्या प्रिंटरइतकी दुर्लक्षित वस्तू दुसरी नाही. त्या गटाला देखभालीचं खातं वापरायची परवानगी दिली आणि समोसा खाल्ला.

आठ दिवसांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. छे, याची मला जराही लाज वाटत नाही. चुकलं असेल, पण प्रेमानं चुकलं.

पुढचं मात्र तितकं निर्मळ नाही. एका सकाळी सर्व्हरवरची जागा रिकामी करायला बसले तर ती आधीच कुणीतरी रिकामी केलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. जुन्या फायली नीट बाजूला काढलेल्या, अडकलेली कामं सोडवलेली. मला कळलं की हे कोणाचं काम आहे. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, एकदा म्हणाल्याच होत्या की हे अंघोळ करून आधी लॅपटॉपसमोर बसतात, देव त्यानंतर. मी काय केलं? मी उशिरा यायला लागले. सर्व्हर बघणं हळूहळू सोडूनच दिलं. रविवारी त्यांच्याकडे गेले की सर विचारायचे, कसा आहे सर्व्हर? मी म्हणायचे, मस्त. आणि दोघंही अगदी साळसूदपणे चहा प्यायचो.

ऑफिसात माझी वाहवा सुरू झाली. प्रज्ञाचा सर्व्हर कधी पडत नाही. मला ट्रॉफी मिळाली, ती अजून आमच्या फ्रिजवर आहे. मला टीम लीड केलं. आणि — हे सांगताना कान तापलेत माझे — मी सगळ्यांसमोर उभं राहून भाषण दिलं, विषय 'माझी सकाळची शिस्त'. इंग्रजीत! घाम न फुटता! आपण बोलतोय ते खोटं आहे हे माहीत असलं की भाषा फार सोपी जाते, असा माझा अनुभव आहे.

पण हेही ते नाही. हे सरांना कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते. मी अजून त्या गोष्टीच्या भोवतीच फिरतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग आमच्याकडे तन्वी म्हात्रे आली. दिवा गावची. रोज सकाळी पाणी भरून मग ऑफिसला येणारी बाई. तिला कुठेही काही वाया जाताना दिसलं की चैन पडत नाही. एका मोठ्या लॅबचे लोक आमची तपासणी करायला येणार होते, म्हणून ती सगळे गट एकेक करून बघत बसली होती. दुपारी मान वर करून म्हणाली, "ताई, हे जुने प्रिंटर कुठं हायत? आपल्याकडं तर नवं पन नाय."

सगळे हसले. मीही हसले. ट्रॉफी, टीम लीड, सकाळची शिस्त, सगळं त्या एका गटात बसलेलं होतं आणि तन्वीचं बोट नेमकं त्याच्यावर होतं. तिनं उघडून आत कोण आहे ते बघायच्या आधी मी म्हटलं, अगं जुना कचरा असेल, मीच काढते. आणि काढला. एक ओळ. तिकडून उत्तर आलं, झालं.

सरांना फोन करायला किती वेळ लागला असता? "सर, आता नाही जमणार हो," एवढंच सांगायचं होतं. ते रागावले नसते, नियम त्यांचाच होता. उलट इतकी वर्षं टिकलो म्हणून खूश झाले असते. मी फोन केला नाही. उद्या करू म्हटलं, आणि मनात कुठेतरी असंही वाटलं — खोटं कशाला बोलू — की आता सर्व्हर खरोखर माझा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. आत जाता येत नव्हतं. आता आमच्याकडे पद्धत अशी, की परवानगी नसली किंवा पासवर्ड चुकला, तरी समोर एकच वाक्य येतं: प्रवेश नाही. कारण सांगायचं नाही, चोराला मदत नको. ही पद्धतही सरांचीच. म्हणून सरांनी मला सरळ विचारलं, "प्रज्ञा, माझा गट जागेवर आहे ना?"

शेजारी तन्वी बसली होती. मी म्हटलं, "आहे सर, आत्ताच पाहिला."

बघा, किती सहज आलं ते तोंडात. गट जागेवर आहे म्हटल्यावर सरांपुढे एकच शक्यता उरली. पासवर्ड. तो त्यांनी कधी कुठे लिहून ठेवला नव्हता, डोक्यात असायचा, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोक्यावरचा काढून घेतला.

पुढचं काकूंकडून कळत गेलं. सर रोज सकाळी बसून तो पासवर्ड वेगवेगळ्या तऱ्हेनं घालून बघतात. इंटरनेटवाल्याला बोलावून नवा राउटर बसवला. मग कीबोर्ड बदलला. मग एक दिवस, काकूंना न सांगता, विसरण्याच्या तपासणीसाठी डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. सर म्हणाले, त्यांना काय कळतंय, सुरुवात अशीच होते. गॅस बंद केला का, हे काकूंना दोनदा विचारायला लागले. बँकेचं काम सुनेकडे दिलं. त्यांच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं चाललंय. बिल्डरचा प्रत्येक कागद ओळ न् ओळ वाचणारे तिथे सर एकटेच, आणि त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला. डोकं पूर्वीसारखं चालत नाही म्हणाले. आता त्या कमिटीत कागद कुणी वाचत नाही, सगळे व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवतात.

मधूनमधून मला पुन्हा विचारायचे, गट आहे ना, आणि मी पुन्हा आहे म्हणायचे. तेव्हा तरी सांगावं की नाही? मी सांगितलं नाही. लॅबवाल्यांची तपासणी अजून व्हायची होती. मग ती झाली, आम्ही पास झालो, आणि तरीही सांगितलं नाही.

आणि मग — आता येते त्या गोष्टीवर — सर्व्हर पडला. पडणारच होता, आवरणारं कुणी राहिलं नव्हतं. जागा भरून गेली, भर दुपारी रिपोर्ट अडकले, कल्याणच्या लॅबवाल्यांचे फोनवर फोन. सगळे माझ्याकडे बघतायत, शिस्तवाल्या बाईकडे. मला काही आठवेना. मी जिन्यात गेले आणि सरांना फोन लावला.

तुम्ही ऐकायला हवं होतं. समोर ना स्क्रीन, ना कागद. घरी शेंगा सोलत बसलेला माणूस, आणि कुठल्या फोल्डरमध्ये जा, कुठली फाईल हलव, कशाला हात लावू नको, सगळं घडाघडा सांगत गेला. एकही अक्षर चुकलं नाही. मी फोन कानाला लावून जागेवर आले आणि ते सांगतील तसं करत गेले. रिपोर्ट सुटले. ऑफिसात टाळ्या वाजल्या. फोनवर सरांनी त्या ऐकल्या आणि इतके खूश झाले की आवाजावरून कळत होतं. मग म्हणाले, "गंमत आहे बघ. हे सगळं लख्ख आठवतंय, आणि तेवढा पासवर्डच कसा गेला?"

त्यांना माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. ते माझ्याकडे होतं. टाळ्या अजून चालू होत्या, मॅनेजर माझ्या खांद्यावर थाप मारत होते, आणि मी ते वाक्य सोडून दुसरंच बोलले.

"होतं असं, सर. वयानुसार."

तर हेच ते. गट नाही, ट्रॉफी नाही, भाषणही नाही. हे तीन-चार शब्द. ज्या माणसानं मला सर्व्हर उघडून दाखवला त्याला मी त्याच्याच डोक्याबाहेर काढलं, आणि त्यासाठी तर एपीआयही लागला नाही. फोनच्या पलीकडे सर "हो, तेही खरंच" म्हणाले आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं.

सर आज मजेत आहेत, गैरसमज नको. तब्येत ठणठणीत आहे, शेंगांची आमटी माझ्यापेक्षा चांगली करतात. परवाच्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते, सोसायटीतली चार माणसंही होती. पोहे झाले आणि सरांनी त्यांचा नेहमीचा किस्सा काढला. चाळीस वर्षं लोकांचे पासवर्ड सांभाळले आणि स्वतःचाच हरवून बसलो. राउटर बदलला, कीबोर्ड बदलला, काकूंनी हात जोडून नवरा बदलू का विचारलं. फार छान सांगतात, नक्कल करून सांगतात. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, या बिचारीला किती वेळा विचारलं, माझा गट आहे ना, गट आहे ना, आणि ही कधी कंटाळली नाही.

तिथे सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं मी हसते.